चोवीस की सव्वीस?

प्रेअरी डॉग हा प्राणी कुत्रा नाही. तो खारीच्या कुळातला, आकारानं घुशीएवढा आणि वृत्तीनं चौकस. वजन किलोच्या आतबाहेर, लांबी शेपटीसकट दीड-पावणेदोन वीत. अमेरिकेच्या मधल्या गवताळ पट्ट्यात, माँटानापासून खाली टेक्सासपर्यंत, हे प्राणी मोठाल्या वसाहती करून राहतात. दिवसभर गवत खातात, बिळं खणतात आणि मधूनच बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभं राहून, हात छातीशी धरून, रस्त्यानं कोण चाललंय ते बघतात. या प्राण्याला तीनशे यार्डांवरून टिपायच्या रायफलीची नळी चोवीस इंच असावी की सव्वीस, या प्रश्नावर अमेरिकेत आजवर जेवढी पुरुषी बुद्धी खर्ची पडली आहे, तेवढ्यात आपल्याकडे चार धरणं बांधून झाली असती. पुनर्वसनासकट.

मी राहतो कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सजवळ. इथे प्रेअरी डॉग बघायला जंगलात जावं लागत नाही. मॉलच्या पार्किंगला लागून जी मोकळी जागा असते तिथे ते उभे असतात. तासाभराच्या अंतरावर बोल्डर नावाचं सुशिक्षित गाव आहे. तिथली नगरपालिका या प्राण्यांना पिंजऱ्यात पकडून, गाडीत घालून, दुसरीकडे नवीन बिळांत नेऊन सोडते. आणि उत्तरेला थोडं पुढे वायोमिंगची हद्द ओलांडली की याच प्राण्यासाठी लोक पाच किलोची रायफल घेऊन गवतात लोळत असतात. एका प्राण्याचं नशीब तालुका बदलला की बदलतं, हे आपल्याला नवीन नाही.

त्याच्यावर एवढा राग का, तर तो गुरांचं गवत खातो आणि त्याच्या बिळात पाय अडकून गुरांचे, घोड्यांचे पाय मोडतात, असं पशुपालक सांगतात. गवताचं खरं आहे. पाय मोडल्याच्या गोष्टी मात्र मी पुष्कळ ऐकल्या, त्या सगळ्या सांगणाऱ्याच्या आजोबांच्या घोड्याच्या होत्या. दुसरीकडे आमच्या गावाच्या उत्तरेलाच सरकारचं एक केंद्र आहे, तिथे काळ्या पायांचं फेरेट नावाचा मुंगसाच्या अंगकाठीचा, अतिशय दुर्मीळ प्राणी वाढवतात. तो नामशेष झाला असं धरून लोक बसले होते. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या एका शेतकऱ्याच्या कुत्र्यानं एक मेलेलं फेरेट घरी आणून टाकलं, तेव्हा कळलं की अजून काही शिल्लक आहेत. १९८८ साली गोठवून ठेवलेल्या पेशींपासून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची क्लोन मादी जन्माला घातली, तिचं नाव ठेवलं एलिझाबेथ ॲन. या एलिझाबेथबाईंच्या जातीचा आहार काय? तर प्रेअरी डॉग. म्हणजे जेवणारा प्रयोगशाळेत तयार करायचा आणि जेवण सव्वीस इंची नळीनं उडवायचं. मला स्वतःला हा नेमबाजीचा खेळ पटत नाही. पण खेळाआधीची चर्चा मी कधी चुकवत नाही.

ही चर्चा आमच्या शेजारच्या गॅरेजात चालते. शेजारी शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आहेत, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणतो. मास्तरांना नवी रायफल घ्यायची होती. 'होती' हा भूतकाळ फार मोठा होता. मी शेजारी राहायला आलो तेव्हा ती घ्यायची होती, पुढे आमची मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाही घ्यायची होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं आपण म्हणतो. इथे कोंबडी फुकट, मसाला काही हजार डॉलरांचा, आणि शिजवत कोणीच नाही. रायफल, तिच्यावरची दुर्बीण, अंतर मोजायचं लेझरचं यंत्र, वारा मोजायची फिरकी, वाळूच्या पिशव्या आणि एक फिरतं टेबल. यातली दुर्बीण रायफलीपेक्षा महाग असली पाहिजे असा संकेत आहे. नाकापेक्षा मोती जड नसेल तर इथे नाकाला कोणी विचारत नाही.

आधी काडतुसाचं घराणं समजून घ्यावं लागतं. छोट्या भोकाच्या या मंडळींत .२२० स्विफ्टचं नाव मोठं. विंचेस्टर कंपनीनं ते १९३५ साली आणलं, तेव्हा त्यातून ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला चार हजार फुटांच्या वर वेगानं जाते म्हणून लोकांनी तोंडात बोटं घातली. ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. सोनाराच्या तराजूवर तोलायच्या गोळ्या या. मग १९५० साली .२२२ रेमिंग्टन आलं. त्यानंतर लष्कराच्या एम-१६ रायफलीच्या वशिल्यानं .२२३. आणि .२२-२५० हे तर कित्येक वर्षं लोक घरच्या घरी दुसऱ्या काडतुसाची मान आवळून करत होते, १९६५ साली रेमिंग्टननं त्याला अधिकृत आडनाव दिलं. आता गंमत बघा. .२२०, .२२२, .२२३ आणि .२२-२५० या चौघांच्याही गोळीचा व्यास एकच, .२२४ इंच. चारही भावांनी शर्ट एकाच मापाचा घालायचा आणि दारावरच्या पाटीवर वेगवेगळी मापं लिहायची, हा प्रकार ज्याला पहिल्या दिवशी समजला तो माणूस नसून दुकानदार असतो. नंतर २००४ मध्ये .२०४ रुगर आलं, ते खरंच .२०४ आहे. एवढा प्रामाणिकपणा बघून मास्तर बरेच दिवस त्याच्याकडे संशयानं बघत होते.

शेवटी त्यांनी .२२३ नक्की केलं. काडतूस स्वस्त, कुठेही मिळणारं, धक्का कमी. धक्का कमी असला की गोळी कुठे लागली ते स्वतःच्याच दुर्बिणीतून दिसतं, नाहीतर शेजारच्याला विचारावं लागतं आणि शेजारचा खरं सांगतो. आता राहिली नळी.

मास्तरांनी मला नळीचं शास्त्र समजावलं ते असं. काडतुसातली दारू पेटते, वायू होतो, वायू गोळीला ढकलतो. नळी जितकी लांब तितका वेळ ढकलणं चालू, म्हणून वेग जास्त. पण गोळी पुढे सरकते तशी तिच्या मागची जागा वाढते, जागा वाढली की दाब उतरतो, आणि पुढचा प्रत्येक इंच आधीच्या इंचापेक्षा कमी देतो. १८८७ पासून चालत आलेल्या .२२ लाँग रायफल या चिमुकल्या काडतुसात दारू असते जेमतेम एक-दोन ग्रेन. तिचा जोर सोळा-अठरा इंचांतच संपतो, पुढची नळी म्हणजे गोळीला नुसता घसारा. उलट .२२-२५० मध्ये पस्तीसेक ग्रेन दारू, आणि ती सगळी बाहेर पडायची त्याच बारीक भोकातून. तिला लांब नळीचा खरा उपयोग. म्हणूनच विंचेस्टरची .२२० स्विफ्टची रायफल सव्वीस इंची यायची.

"आणि .२२३?" मी विचारलं.

"तिथेच तर सगळं अडलंय," मास्तर म्हणाले.

.२२३ मध्यावर बसलेलं आहे. पंचवीसेक ग्रेन दारू, साडेतीन ग्रॅमची गोळी, चोवीस इंची नळीतून सेकंदाला ३२४० फूट. इंच वाढवला की वेग साधारण पंचवीस-तीस फुटांनी वाढतो. म्हणजे चोवीसची सव्वीस केली तर पन्नास-साठ फूट. टक्केवारी काढली तर दोन टक्केसुद्धा नाही. मास्तरांनी हे गणित गॅरेजातल्या फळ्यावर खडूनं मांडलं. निवृत्त मास्तरच्या गॅरेजात फळा असतोच. दोनशे यार्डांवर नेम बसवलेला धरला, तर या दोन इंचांनी तीनशे यार्डांवर गोळीचा फरक किती पडतो? पाव इंच. सुताराच्या भाषेत दोन सूत, फार तर तीन. आणि ताशी दहा मैलांचा आडवा वारा त्याच गोळीला तेवढ्याच अंतरावर किती ढकलतो? दहाएक इंच. प्रेअरी डॉग रुंदीला मूठभर असतो. वायोमिंगात वारा दहा मैलांचा असेल तर लोक म्हणतात, आज हवा पडलीय.

हे सगळं खडूनं लिहून झाल्यावर मास्तर मागे सरकले, फळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे प्रश्न गंभीर आहे."

मला वाटलं होतं प्रश्न संपला. पण निवडीचा आनंद ज्याला लागला आहे त्याला उत्तराची घाई नसते. शिवाय लांब नळीच्या बाजूचे लोक एक मुद्दा असा मांडतात की त्याला उत्तरच नाही. नळी कापून आखूड करता येते, जोडून लांब करता येत नाही. आपल्याकडे मुलाला जूनमध्ये वाढत्या अंगाचा गणवेश घेतात तसा हा प्रकार, फक्त इथे मुलगा सत्तरीचा आहे.

आखूड नळीवाले ऐकून घेणारे नाहीत. त्यांचं म्हणणं, नळी ही एका टोकाला धरलेली सळई आहे. बार निघाला की ती थरथरते. सळईचा ताठपणा लांबीच्या तिसऱ्या घातानं कमी होतो. सव्वीसची चोवीस केली तर नळी एका फटक्यात पाव हिश्शानं ताठ होते, वीस केली तर दुपटीहून जास्त. लांबीवाले म्हणतात, मग जाड नळी घ्या, जाडीनं ताठपणा चौथ्या घातानं वाढतो. जाड घेतली की वजन वाढतं. वजन वाढलं की नळीवर उभ्या पन्हळी पाडून ते कमी करायचं, त्याचे पैसे वेगळे. म्हणजे आधी लोखंड विकत घ्यायचं आणि मग ते काढून टाकण्याचे पैसे द्यायचे.

या भांडणात एक सर्वोच्च न्यायालयही आहे. टेक्सासात हूस्टनमध्ये १९८० च्या सुमाराला काही नेमबाजांनी एका प्रचंड गोदामात, बंद दारांआड, वारा नाही, ऊन नाही, मृगजळ नाही अशा जागी रात्री-रात्री बसून रायफली तपासल्या. पुढे १९९३ मध्ये त्यावर एक लेख आला आणि तो या मंडळींत पोथीसारखा वाचला जातो. त्यात नळीची सगळ्यात चांगली लांबी दिली आहे पावणेबावीस इंच. बावीस नाही, साडेएकवीस नाही. पावणेबावीस! ती नळी वेगळ्या काडतुसाची, आणि गोदामात प्रेअरी डॉग एकही नव्हता. पण आकडा पावणेबावीस असला की माणसाचा विश्वास बसतो. पूर्णांक कोणालाच अनुभवातून आल्यासारखा वाटत नाही.

मास्तर मोजमापाच्या बाबतीतही काटेकोर. नळी कुठून कुठपर्यंत मोजायची, याचीसुद्धा रीत आहे. रायफल रिकामी आहे हे आधी दोनदा बघायचं. मग बोल्ट बंद करायचा, पुढच्या तोंडातून एक लाकडी काठी आत सोडायची, ती बोल्टच्या तोंडाला टेकली की नळीच्या कडेशी पेन्सिलीनं खूण करायची, काठी बाहेर काढायची आणि टेप लावायचा. म्हणजे बाहेरून जी नळी दिसते तिच्यापेक्षा खरी नळी लांब असते, कारण काडतूस बसतं ती जागाही तिच्यातच धरतात. हे मोजण्याला कायद्याचं कारण आहे. १९३४ च्या कायद्यानं आखूड नळीच्या रायफलींवर नोंदणी आणि २०० डॉलरचा कर बसवला. त्या काळी २०० डॉलरमध्ये दोन-तीन बऱ्या रायफली यायच्या. आज ती हद्द सोळा इंचांची आहे. मास्तरांचा त्या हद्दीशी काही संबंध नव्हता, ते आठ-दहा इंच वर होते. तरी एका मित्राची चोवीस इंची म्हणून घेतलेली रायफल त्यांनी मागवून आणली, गॅरेजात काठी घालून मोजली, आणि ती चोवीसला एक सूत कमी निघाली. दोघांची बोलचाल काही दिवस बंद होती. मित्राचं म्हणणं, काठी बोथट होती.

नळीचं आयुष्य हा आणखी एक विषय. बिळांच्या वसाहतीसमोर बसून दिवसभर गोळ्या झाडल्या की नळी तापते आणि काडतुसाच्या लगेच पुढचा भाग, ज्याला हे लोक घसा म्हणतात, तो जळत जातो. .२२० स्विफ्ट तर याबद्दल बदनामच आहे. आतल्या आट्यांचा पीळ मात्र पुढे शाबूत असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे मी मास्तरांना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "पीळ किती होता? बारा इंचांत एक की नऊ इंचांत एक?"

अशी सगळी शास्त्रं झाल्यावर प्रत्यक्षात नळीची लांबी कोण ठरवतं? माझं निरीक्षण असं की ती ठरवते पिकअपची मागची सीट. सव्वीस इंची नळी म्हणजे अख्खी रायफल जवळजवळ ४६ इंच. तिच्यापुढे सात इंचांचा सायलेन्सर लावला की जवळजवळ साडेचार फूट. ही वस्तू सीटवर आडवी मावते, पण मग कुत्रा कुठे बसणार? आणि मास्तरांचा कुत्रा पुढे बसत नाही, कारण पुढे मास्तरीणबाई असतात. त्यानंतर ठरवतं कपाट. लोखंडी तिजोरीसारखं ते कपाट असतं, आणि त्यातल्या वरच्या फळीवर मास्तरीणबाईंनी घराची कागदपत्रं ठेवलेली आहेत. सव्वीस इंची ठेवायची तर फळी काढावी लागेल, फळी काढली तर कागदपत्रं जातील कुठे, आणि ती जातील तिथे सध्या नाताळच्या दिव्यांच्या माळा आहेत. दोन इंचांनी घरात एवढी उलथापालथ होते म्हटल्यावर मास्तरीणबाईंनी आपलं मत दिलं, वीस. त्यांना काडतूस कोणतं हेही माहीत नव्हतं. आवाज आखूड नळीचा जास्त येतो, हे मास्तरांनी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आवाज तुम्हाला येईल. मी घरी असेन."

आणि सगळ्यांच्या वर ठरवतं दुकान. एका शनिवारी मास्तर मला सोबत घेऊन दुकानात गेले. काउंटरमागे दाढीवाला तरुण उभा होता. मास्तरांनी त्याला दारूचं ज्वलन, नळीचा कंप आणि पावणेबावीसचं गोदाम हे तिन्ही विषय क्रमानं सांगितले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मागे जाऊन संगणकात बघितलं आणि म्हणाला, "चोवीस नाही. सव्वीस मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही. बावीस आहे. तिच्यावर आज सूट आहे."

मास्तरांनी बावीस घेतली.

परत येताना गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मग स्वतःशीच म्हणाले, "हूस्टनच्या जवळच आहे. पाव इंचाचा तर फरक." मी मान डोलावली. पुढच्या चौकात त्यांची कळी खुलली आणि त्यांनी बावीस इंची नळीचे फायदे सांगायला सुरुवात केली. हे सगळे फायदे त्यांना गेल्या पाऊण तासात सुचलेले होते.

या सुमाराला आमचे सासरे सहा महिन्यांसाठी आले. अण्णांची राजापूर तालुक्यात कलमं आहेत. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून घरात ठासणीची बंदूक, पीकसंरक्षणाच्या परवान्याची. मास्तरांचं सगळं प्रकरण मी त्यांना जेवताना सांगितलं. अण्णा भातावर आमटी घेत ऐकत होते.

"आमच्या बंदुकीची नळी केवढी, मी कधी मोजली नाही," ते म्हणाले. "आजोबांनी घेतली तेव्हा मला विचारलं नव्हतं."

मग त्यांनी ती भरायची कशी ते हातांनी करून दाखवलं. दारू ओता, गजानं ठासा, वर चिंधी घाला, पुन्हा ठासा, केप लावा, खांद्याला लावा, आणि वर बघा. "तोवर माकड फळ खाऊन, बाठा तुमच्या पायाशी टाकून, शेजाऱ्याच्या कलमावर गेलेलं असतं. आणि माकडाला मारायचं नसतंच हो जावईबापू. कायदाही नाही आणि मन पण होत नाही. नुसता बार काढायचा. वर तोंड करून."

"आता वापरता का ती?"

"कुठची! निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची. आधी पंचायत, मग जिल्हा परिषद, मग विधानसभा, लोकसभा. बंदूक आमच्यापेक्षा ठाण्यातच जास्त राहते. आचारसंहिता लागली की माकडांना पेपरवाल्यांच्या आधी कळतं." यावर उपाय म्हणून त्यांनी आता कार्बाइडची नळी केलेली होती. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला पीव्हीसी पाइप, मागे डबा, गॅसच्या शेगडीचा लायटर. कार्बाइडवर पाणी टाकायचं, वायू साठू द्यायचा, खटका दाबायचा. "डोळे सांभाळावे लागतात, तोंड लांब धरायचं. पण आवाज असा होतो की वाडीतली कुत्रीसुद्धा दुसऱ्या वाडीत जातात."

अण्णा आल्याचं कळल्यावर मास्तरांनी वायोमिंगच्या मोहिमेत आम्हालाही घेतलं. एका ओळखीच्या पशुपालकाची जमीन होती. फिरतं टेबल मांडलं, वाळूच्या पिशव्या ठेवल्या, कानांवर कापसाच्या जागी यंत्रं चढवली. अण्णांनी बंद गळ्याचा स्वेटर आणि लाल कानटोपी घातली होती आणि ते पिकअपच्या सावलीत खुर्चीवर चहाचा थर्मास घेऊन बसले होते. समोर तीनशे यार्डांवर बिळांची वसाहत. एकेका ढिगाऱ्यावर एकेक प्राणी उभा.

या देशाचं आणि या प्राण्याचं नातं जुनं आहे. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेणारी लुईस आणि क्लार्कची मोहीम १८०४ मध्ये इथल्यापेक्षा बरंच पूर्वेला, आजच्या नेब्रास्कात होती, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हा प्राणी भेटला. पकडायला त्यांनी एका बिळात पाच पिंपं पाणी ओतलं. बीळ भरलं नाही. जवळजवळ अख्खी तुकडी दिवस घालवून अखेर एक पकडू शकली. पुढच्या वर्षी त्यांनी पाठवलेला एक जिवंत प्रेअरी डॉग राष्ट्राध्यक्ष जेफरसनपर्यंत पोचला. म्हणजे या प्राण्याच्या मागे लागून माणसानं दिवस वाया घालवणं हे अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यात पहिल्यापासून आहे.

मास्तर टेबलाशी बसले. श्वास सोडला. बार झाला. गोळी तिथे पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, तेवढ्यात धूळ उडाली. प्राण्याच्या उजवीकडे चांगली हातभर. प्राण्यानं मान वळवून धुळीकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं आणि शिट्टीसारखा आवाज काढला. ॲरिझोनात कॉन स्लोबोडचिकॉफ या प्राध्यापकांनी या प्राण्यांच्या एका भाऊबंदाच्या हाकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की माणूस आला तर हाक वेगळी, शिकारी पक्षी आला तर वेगळी, आणि माणसानं कोणत्या रंगाचा सदरा घातलाय तेसुद्धा त्या हाकेत येतं. मास्तरांनी अंगभर गवताच्या रंगाचे कपडे घातले होते. त्यामुळे वसाहतीला बातमी गेली असणार ती एवढीच, लाल टोपीवाले म्हातारे आलेत, चहा पीत बसलेत.

दुसरा बार. धूळ पुन्हा उजवीकडे. तिसरा, थोडा आणखी उजवीकडे. वारा मोजायची फिरकी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेली होती आणि ती एवढ्या जोरात फिरत होती की तिचा आवाज कान झाकूनही येत होता. मास्तर तिच्याकडे बघत नव्हते. ते नळीकडे बघत होते.

"सव्वीस घ्यायला हवी होती," ते म्हणाले.

अण्णांनी मला विचारलं, "काय म्हणतायत?"

मी सांगितलं.

"त्यांना म्हणावं, ती भिंगरी बघा आधी. जनावर हातभर डावीकडे आहे, दोन इंच पुढे नाही."

मी मास्तरांकडे वळलो आणि म्हणालो, "ते म्हणतायत, रायफल फार देखणी आहे."

मास्तर खूश झाले. त्यांनी कानांवरची यंत्रं काढली, उठून अण्णांपाशी आले, हात मिळवला आणि मला म्हणाले, "त्यांच्याकडेही अशा प्राण्यांसाठी काहीतरी असेल ना? विचार, नळी केवढी आहे."

मी विचारलं. अण्णांनी थर्मासचं झाकण लावता लावता पाइप आठवला.

"चार फूट."

"अठ्ठेचाळीस इंच," मी सांगितलं.

मास्तरांनी खिशातून वही काढली.